गुळाची चव आणि डोळ्यांचे गुण

गेल्या हिवाळ्यात पेठ वडगावातील एका शाळेच्या शिक्षक-खोलीत आम्ही टेबलावर दोन बशा मांडल्या. एकीत पिवळाधमक गूळ, दुसरीत तपकिरी, काळसर झाक असलेला. दोन्ही एकाच आठवड्यात वारणेच्या बाजूच्या दोन गुऱ्हाळांवरून आणलेले. "यांतला चांगला कोणता?" असे विचारताच जमलेल्या आठही शिक्षकांनी पिवळ्याकडे बोट दाखवले. तोपर्यंत कोणी कणभरही तोंडात टाकला नव्हता. मराठीच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो सर, गुळातच वाढलो आम्ही. आम्हांला चाखायला कशाला लागतंय?"

बाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली, तेव्हापासून या भागातला माणूस गुळाचे सौदे पाहत आला आहे. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. पण इतक्या वर्षांच्या सरावाने आपण पारखायला शिकलो ते नेमके काय, चव की रंग? हे तपासून पाहता येते, आणि तेही शाळेत, जवळजवळ बिनखर्चाने.

आधी रंग येतो कोठून ते पाहू. चरकातून निघालेला उसाचा रस गढूळ आणि किंचित आम्लधर्मी असतो. त्यात साखरेबरोबर प्रथिने, फिनॉल गटातील रसायने, हरितद्रव्य आणि मातीचे कण असतात. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस सोडतो. हा चिकटा गढूळपणा आणणारे सूक्ष्म कण एकत्र बांधतो, ते मळीच्या रूपाने वर येतात आणि झाऱ्याने काढून टाकले जातात. आम्लता कमी करण्यासाठी थोडा चुना घालतात. चुना कमी पडला तर आम्ल आणि उष्णता यांमुळे साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन होते आणि गूळ चिकट राहतो, नीट बसत नाही. जास्त झाला तर हीच ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कलीत मोडून गूळ काळवंडतो. पुढे पाक ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तेथे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते. भाजलेल्या भाकरीला रंग आणि वास देणारी हीच ती अभिक्रिया. म्हणजे गुळाचा खमंगपणा आणि त्याचा तपकिरीपणा हे बऱ्याच अंशी एकाच पातेल्यातले आहेत. एकाला पूर्ण घालवून दुसरे पूर्ण राखणे अवघड.

यातून एक सोपी वाट निघाली, ती 'हायड्रॉस'ची. सोडियम हायड्रोसल्फाइट हे क्षपणक आहे. रंगीत रेणूंचे क्षपण झाले की ते फिके दिसतात आणि गूळ पिवळा होतो. पण हा रंग टिकाऊ नसतो. हवेतला ऑक्सिजन हळूहळू आपले काम करतो आणि साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. शिवाय गुळात गंधकाची संयुगे उरतात. म्हणूनच गुळातील सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणाला कायद्याने मर्यादा घातली आहे. हे सारे गुळव्यांना ठाऊक नाही असे मुळीच नाही. ज्यांच्याकडून आम्ही काळसर गूळ घेतला ते गृहस्थ चुलाणाकडे पाहत म्हणाले, "पावडर न टाकता केला तर रंग असा येतोय. आणि बोली रंग बघून लागती, सर. चव कोण बघतंय तिथं?" एका हंगामाची मेहनत, ऊसतोड, जळण आणि मजुरी या सगळ्याचा हिशेब रव्याच्या रंगावर ठरतो. अशा वेळी पावडर टाकणाऱ्याला नुसता उपदेश करण्यात आम्हांला अर्थ वाटत नाही.

आता थोडे दूरचे उदाहरण घेऊ. चवीला गुण कसे द्यावेत याचा सर्वांत नेटाने विचार कोणी केला असेल, तर तो बिअर तयार करणाऱ्यांनी. एका पिंपातली चव दुसऱ्या पिंपात उतरली नाही तर त्यांचा धंदा बसतो. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचे रसायनतज्ज्ञ होते. मोजक्या नमुन्यांवरून निष्कर्ष किती खात्रीने काढावा हा त्यांच्यापुढचा रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आज महाविद्यालयात शिकवली जाणारी 'टी-चाचणी' ती हीच.

या बिअरच्या दुनियेत गेल्या वीसेक वर्षांत एक गंमत झाली. बिअर म्हणजे काचेसारखी नितळ, गढूळ असेल तर ती बिघडलेली, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. मग अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातून 'हेझी', म्हणजे धुकट दिसणारी बिअर पुढे आली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजाने येणाऱ्या, हॉप्सची फुले सढळ हाताने घातलेल्या 'इंडिया पेल एल'चा हा नवा अवतार. त्यातल्या 'डबल' प्रकारात हॉप्स आणखी जास्त आणि मद्यार्क साधारण ८ टक्के. तिच्यातील गहू व ओट यांची प्रथिने आणि हॉप्समधील पॉलिफिनॉल एकमेकांना चिकटून अतिसूक्ष्म कण बनतात, आणि ते प्रकाश विखुरतात. आपल्या पाठ्यपुस्तकातील टिंडल परिणाम तो हाच. गुळव्या भेंडीच्या रसाने काढून टाकतो त्याच जातीचा हा गढूळपणा. या बिअरला आंब्या-संत्र्यासारखा वास असतो आणि तो लोकांना आवडला. पण लवकरच गढूळपणा हीच उत्तमपणाची खूण मानली जाऊ लागली, आणि नुसता गढूळपणा यावा म्हणून काहींनी बिअरमध्ये पीठही घालून पाहिले! डोळ्यांची आवड बदलली, डोळ्यांचे राज्य मात्र तसेच राहिले.

परीक्षकांना हा धोका ठाऊक आहे. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम या संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण गुण ५०. त्यांपैकी वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर मताला १०, आणि दिसण्याला फक्त ३. ही गुणपत्रिका गुळाला लावली तर सौद्याचे काय होईल, असा विचार आमच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

डोळा जिभेला किती फसवतो याचा पुरावाही आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली गेली. त्यांनी तिच्या वासाचे वर्णन करताना तांबड्या वाइनसाठी वापरतात तेच शब्द वापरले. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. जाता जाता एक दुरुस्ती: जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा अजून काही पुस्तकांत दिसतो, तो चुकीचा आहे. जिभेवर जेथे रुचिकलिका आहेत तेथे सर्व चवी कळतात. आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग तर वासच असतो. नाक चिमटीत धरून गुळाचा खडा तोंडात घोळवा, फक्त गोड लागेल. नाक सोडा, की घशामागून वास वर चढतो आणि 'गूळ' प्रकट होतो. हे वर्गात जरूर करून घ्यावे, मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

आमच्या बशांकडे परत येऊ. डोळ्यांचे राज्य बाजूला ठेवायला १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात एक साधी युक्ती वापरात आली, तिला त्रिकोण चाचणी म्हणतात. प्रत्येकाला तीन नमुने द्यायचे, दोन एकसारखे आणि एक वेगळा. वेगळा कोणता तेवढे ओळखायचे. काहीच न कळता अंदाजाने सांगितले तरी तिघांत एकदा बरोबर येणारच, हे लक्षात ठेवायचे. खडे दिले तर कडकपणावरून ओळखता येते, म्हणून आम्ही दोन्ही गूळ १० ग्रॅमला १०० मिलिलिटर कोमट पाणी या प्रमाणात विरघळवून फडक्याने गाळले आणि फुलपात्रांत भरले. तीन पात्रांचा क्रम सहा प्रकारे लावता येतो, ते सर्व क्रम वापरले, कारण पहिले चाखलेले नेहमीच जरा जास्त गोड वाटते. डोळ्यांवर रुमाल, आणि दर घोटानंतर पाण्याने चूळ. एका सरांना मधुमेह होता, त्यांनी नोंदी ठेवल्या आणि त्यांच्या जागी शिपाईमामा बसले.

आठांपैकी पाच जणांनी वेगळे पात्र बरोबर ओळखले. बाईही त्या पाचांत होत्या, त्यामुळे खोलीत थोडा जल्लोष झाला. पण गणिताचे सर फळ्याकडे गेले. निव्वळ अंदाजाने आठांत पाच किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता त्यांनी मांडली: ५७७ भागिले ६५६१, म्हणजे जवळजवळ ९ टक्के. असा योग अकरा-बारा वेळांत एकदा आपोआप जुळतो. सहा जणांना जमले असते तर ही शक्यता २ टक्क्यांवर आली असती आणि फरक जिभेला कळतो असे म्हणता आले असते. पाचांवर ते म्हणता येत नाही, आणि फरक कळत नाही असेही म्हणता येत नाही. आठ माणसे कमी पडली, एवढेच.

नंतर, वेगळ्या फेरीत, रुमाल तसेच ठेवून दोनच पात्रे दिली आणि आवडलेले सांगायला सांगितले. पाच जणांनी काळसर गुळाचे पाणी निवडले, तिघांनी पिवळ्याचे. नाणे आठदा उडवले तरी असे सहज घडते, म्हणून यावरून काळसर गूळ सरस असे आम्ही म्हणणार नाही. उघड्या डोळ्यांनी आठविरुद्ध शून्य असलेला निकाल मात्र टिकला नाही, हे नोंदवायला हवे.

येथे एक सावधगिरी. अलीकडे शहरांत 'काळा तो शुद्ध' असे मानून गडद गूळ चढ्या भावाने घेणारे गिऱ्हाईक दिसते. हा गढूळ बिअरसारखाच प्रकार झाला. मळी नीट न काढल्याने, पाक करपल्याने, चुना जास्त झाल्याने किंवा जुन्या साठ्यामुळेही गूळ काळा होतो. उलट को ९२००५ सारखी गुळासाठी नावाजलेली उसाची जात, चांगली जमीन आणि मळी काढण्यातली चिकाटी असेल तर पावडरीशिवायही सोनेरी गूळ निघतो. रंगावरून रसायन ओळखू म्हणणारा आणि रंगावरून चव ओळखू म्हणणारा, दोघेही सारखेच चुकतात. गंधकाचे प्रमाण प्रयोगशाळेतच मोजावे लागते.

वर्गात हा प्रयोग करायचा तर २४ विद्यार्थी घ्यावेत. अंदाजाने सरासरी ८ बरोबर येतील. १३ किंवा अधिक आले तर फरक खरा मानायला हरकत नाही. ३० विद्यार्थी असतील तर १५ हवेत, आणि १२च असतील तर ८. नमुन्यांवर नावे न घालता तीन आकडी क्रमांक घालावेत, आणि कोणता गूळ कोणत्या पात्रात हे वाढणाऱ्यालाही कळू देऊ नये. आवडीचा प्रश्न त्याच फेरीत विचारू नये, मुले मग फरक शोधायचे सोडून बाजू घेऊ लागतात. दोन्ही गुळांचे तुकडे घट्ट झाकणाच्या बरण्यांत तारीख लिहून ठेवले आणि दर महिन्याला एका पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले, तर साठवणीतला रंगबदलही नोंदता येतो.

वडगावच्या शिक्षकांनी पुढच्या हंगामात नववीच्या २४ मुलांसह ही चाचणी पुन्हा घ्यायचे ठरवले आहे. काळसर गूळ करणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "पोरं ठीक हाईत, पण व्यापाऱ्यांच्या डोळ्यांवर रुमाल कधी बांधताय?"