मटण स्ट्रीटवरचा शुक्रवार

पहाटे चार. नळ बाजाराच्या अंगाने आत शिरलं तर मटण स्ट्रीटवर अजून काळोख असतो. मुंबईच्या चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद, आणि त्या बंद शटरांपुढेच रस्त्यावर जुना बाजार भरतो. माझ्या ओळखीचा एक फेरीवाला हातगाडीवरून दोन गोण्या उतरवतो. टाट पसरायच्या आधीच तीन-चार मोबाईलचे उजेड गोणीत घुसतात. "निकाल, निकाल, अंदर क्या है?" ही मंडळी साधी गिऱ्हाइकं नव्हेत. यातले बरेचसे उद्या याच गल्लीत शटर वर करून बसणारे दुकानदार. खरा माल उजाडायच्या आत हलतो. आठ वाजता हौसेने येणाऱ्यांना वाटतं, आपण लवकर आलो.

साडेपाच. चहाचा पहिला कटिंग. गोणीतून तांब्याचा बंब निघतो, लाकडी पाट, कडीचे डबे, एक घंगाळ. नाव चोरीचं पडलं असलं तरी मला विचाराल तर इथे आता चोरीपेक्षा रिकाम्या झालेल्या घरांचा माल जास्त. चाळ पाडायला निघाली की भंगारवाला आधी पोचतो, बिल्डरचा माणूस नंतर. पुनर्विकासात बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतं. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीत ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. जागा तिप्पट झाली, पण गीझर असलेल्या न्हाणीघरात बंब ठेवणार कोण? दीडशे फुटांत मावलेली वस्तू पाचशे फुटांत अडगळ होते, हे गणित मला अजून उलगडलेलं नाही.

सात. उजेड आला की खोट उघडी पडते. परळहून आलेले एक काका खिशातून लोहचुंबक काढून समईच्या बुडाला लावतात. टक्. चिकटला.

"चाचा, ही पितळेची?"

"ऊपर से तो है ना, काका!"

दोघेही हसतात. समई लोखंडाच्या भावाने जाते.

आठ. रेकॉर्डवाला. ७८ आरपीएमची तबकडी तो उजेडाकडे तिरकी धरतो. खाचा काळ्या चकचकीत असतील तर ऐकायची, राखाडी पडल्या असतील तर भिंतीवर लावायची. भोंग्याचे झगमगते ग्रामोफोन मांडलेत तिकडे मी फिरकतही नाही. त्यातले बहुतेक अलीकडे जुळवलेले. ज्याला आवाज हवा तो पेटीसारखा बंद होणारा, बिनभोंग्याचा एचएमव्ही १०२ शोधतो.

नऊ ते बारा नुसती रेटारेटी. चार्जर, रिमोट, एका पायाचे बूट, पाने, ड्रिल मशीन, धुतलेले शर्ट. सुतार आणि वायरमन ही इथली पक्की गिऱ्हाइकं. हत्यार घासाघीस करून घेतात आणि तिथेच चालवून बघतात. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. हाताने पाडायचा तिचा मीटर आता इथून कॅफेवाले शोभेला नेतात. मध्येच कुणीतरी "गाडी आयी" ओरडतं, टाटाची चारही टोकं क्षणात एकत्र येतात. गाडी पालिकेची नसते, बर्फाची असते. पुन्हा मांडामांड.

साडेबारा. जुम्म्याच्या नमाजाची वेळ जवळ येते तशी गल्ली आवरू लागते. भाव धाडकन उतरतो. सकाळी तीनशे सांगितलेला टेबल फॅन "दे दो सौ, ले जा" होतो. माझी खरेदी नेहमी याच वेळची. उरलेला माल भला नसतो, पण विकणाऱ्याला ओझं परत न्यायचं नसतं.

अडीच. न खपलेलं लोखंड आणि प्लॅस्टिक भंगारात, किलोवर. बंब मात्र पहाटेच गेलेला. उद्या तो समोरच्याच दुकानात चिंचेने घासून 'अँटिक' म्हणून बसेल, आणि कुठल्या तरी मालिकेचा कलादिग्दर्शक चाळीतलं स्वयंपाकघर उभं करायला तो भाड्याने नेईल.

चार. फेरीवाला फोनवर आहे. लालबागला एक मजला रिकामा होतोय, शिसवी कपाट आहे, जिन्यातून उतरत नाही. "मावशी, सुताराला घेऊन येतो, कापू नका," तो मराठीत सांगतो आणि मला खुणेने विचारतो, रविवारी येणार का उचलायला?