वाळवीची वाट जमिनीतून येते

दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसली की घरात पहिली धावपळ होते ती औषधाच्या बाटलीसाठी. कोणी रॉकेल सुचवतं, कोणी जळकं ऑइल, कोणी दुकानातला तयार फवारा. चौकट ओली होईपर्यंत औषध मारलं जातं, रेघ खरवडून टाकली जाते, काही दिवस शांतता असते आणि मग दुसऱ्याच खोलीत कपाटामागे माती दिसू लागते. यावरून लोक दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक तर औषध बनावट होतं, नाहीतर वाळवी हे घरच्या माणसाच्या आवाक्यातलं कामच नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे वाटतात. वाळवीवरचा बराचसा इलाज घरच्या माणसाला करता येतो आणि त्यातला काही भाग तर त्याच्याशिवाय दुसरं कोणी करणारच नाही. अट एवढीच, की तो वाळवी दिसते तिथे न थांबता ती जिथून येते तिथवर पोचला पाहिजे.

आपल्याकडे घरांचं सर्वाधिक नुकसान करते ती जमिनीतली वाळवी. ओडोन्टोटर्मिस, कॉप्टोटर्मिस, हेटेरोटर्मिस या तिच्या काही प्रजाती. राणी, पिल्लं आणि वसाहतीचा मुख्य पसारा जमिनीत असतो. चौकटीत सापडतात त्या अन्न न्यायला आलेल्या कामकरी वाळव्या. त्यांची कातडी इतकी पातळ असते की कोरड्या उघड्या हवेत त्या लवकर सुकून मरतात. म्हणून त्या माती, लाळ आणि विष्ठा यांची झाकलेली वाट बांधत पुढे सरकतात, आणि भिंतीवरची ती रेघ म्हणजे हीच वाट. ओडोन्टोटर्मिस तर खाल्लेलं लाकूड वारुळात नेऊन त्यावर बुरशीची बाग पिकवते. पावसाळ्यात गोव्यात आणि कोकणात वारुळांवर जी चविष्ट अळंबी उगवते, ती याच बुरशीची. रानातली, बांधावरची वारुळं पालापाचोळा कुजवून माती सुपीक करतात, म्हणून दिसेल ते वारूळ फोडायला धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घराच्या बाबतीत यातून निघणारा मुद्दा मात्र साधा आहे: चौकटीतल्या पाचशे वाळव्या मारल्या तरी जमिनीतल्या वसाहतीला त्याची फारशी झळ बसत नाही. राणी वर्षानुवर्षं जगते आणि अंडी घालणं थांबवत नाही.

म्हणून पहिलं काम ओळख पटवण्याचं, आणि त्याला औषध लागत नाही. स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरतात. मातीची वाट सापडली की ती सगळी पुसू नका. मधलाच दोन बोटं रुंदीचा तुकडा स्क्रूड्रायव्हरने हलकेच काढा. आत पांढरट, मऊ किडे धावताना दिसले तर वाट वापरात आहे. काही दिसलं नाही तरी तीन-चार दिवस थांबून पुन्हा बघा. फट नव्या, ओलसर, गडद मातीने बुजलेली असेल तर येणं-जाणं चालू आहे. तशीच उघडी राहिली असेल तर ती वाट बहुधा सोडून दिलेली आहे. मग चौकटीच्या तळाशी, कपाटाच्या मागच्या प्लायवर, पट्ट्यांवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. भरीव लाकूड खणखणतं, पोखरलेलं बद्द वाजतं, आणि टोक दाबलं तर रंगाचा पातळ पापुद्रा फुटून आत जातं. जूनच्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले, तर त्यांचे गळून पडलेले पंख पाहा. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक असेल तर मुंगी. खिडकीतून दिव्यावर आलेले किडे ही चिंतेची गोष्ट नाही. भिंतीच्या किंवा फरशीच्या फटीतून ते बाहेर पडत असतील, तर वसाहत घराला लागूनच आहे.

किनाऱ्यावरच्या दमट भागात आणखी एक जात आढळते, ती कोरड्या लाकडाची वाळवी. तिला जमिनीशी संबंध लागत नाही, मातीची वाटही ती बांधत नाही. ती लाकडातच राहते आणि बारीक छिद्रातून खसखशीएवढे, सहा कडांचे दाणे बाहेर टाकते. दाण्यांऐवजी मऊ पीठ पडत असेल, तर ते काम बहुतेक भुंगेऱ्याचं. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण या दोघांसाठी जमिनीत कितीही औषध जिरवलं तरी ते वाया जातं. तिथे लाकडावरच इलाज करावा लागतो. लहान वस्तू तापवून सोडवता येते: लाकडाच्या गाभ्याचं तापमान अर्धा तास ५० अंशांच्या वर राहिलं तर कोरड्या लाकडाची वाळवी मरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली फोटोफ्रेम किंवा पाट तिथवर पोचू शकतो, जाड खांब किंवा तुळई पोचत नाही.

जमिनीतल्या वाळवीला तीन गोष्टी लागतात: लाकूड किंवा कागद, ओल, आणि झाकलेली वाट. यातल्या ओलीवर घरच्या माणसाइतका ताबा कोणाचाच नसतो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही तिच्याकडेच होतं. शहरातल्या असंख्य फ्लॅटमध्ये बेडरूमचं भिंतीतलं कपाट बाथरूमच्या भिंतीला पाठ लावून उभं असतं. नळाच्या जोडातून झिरपणाऱ्या पाण्याने भिंत आतून ओली राहते आणि प्लायची मागची फळी त्या ओलीला चिकटलेली असते. अशा ठिकाणी दर वर्षी फवारणी करण्यापेक्षा एकदा प्लंबर बोलावणं जास्त उपयोगी पडतं. एसीच्या नळीचं पाणी जोत्यापाशी पडत असेल तर ती दूर न्या. कुंड्या भिंतीला टेकवू नका. जोत्याला लागून रचलेलं सरपण, जुन्या फळ्या, रद्दीचे गठ्ठे हलवा. बांधकामाच्या वेळी भरावात राहून गेलेले शटरिंगच्या फळ्यांचे तुकडे आणि खुंट्या तर वाळवीला थेट जोत्याखाली बोलावतात. नवीन घर बांधणाऱ्याने फरशीचा कोबा होण्याआधी भराव स्वतः पाहावा. सागवान आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. सागाचा पक्का गाभा वाळवीला सहसा दाद देत नाही, पण त्याच्या भोवतीचं फिकट कच्चं लाकूड ती खाते, आणि आजच्या बऱ्याच चौकटींमध्ये हे कच्चं लाकूड असतंच.

आता औषध. इथे माझं म्हणणं आकड्यांवर टेकलेलं आहे. उभ्या असलेल्या इमारतीत वाळवीविरोधी उपचार कसा करायचा हे भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ६३१३ या मानकाच्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे. भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडायचं, ते खालच्या मातीपर्यंत न्यायचं आणि माती औषध घेईनाशी होईपर्यंत, जास्तीत जास्त एक लिटर, आत सोडायचं. बाहेरून भिंतीलगत चर काढून दर मीटरला सव्वादोन लिटर जिरवायचं. नऊ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद असं बैठं घर घ्या. त्याचा परीघ ३० मीटर, म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेलाच शंभर भोकं आणि शंभर लिटरपर्यंत द्रावण. बाहेरच्या चरासाठी आणखी सुमारे ६७ लिटर. आतल्या भिंती वेगळ्या. इमारतींसाठीचं इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी हे औषध लिटरला २.१ मिलिलिटर या प्रमाणात मिसळतात, म्हणजे या सगळ्याला मूळ औषध लागतं साधारण ३५० मिलिलिटर. औषध थोडंसंच लागतं. मेहनत आणि पाणी मात्र भरपूर. चौकटीवर पाव लिटर फवारणारा माणूस आणि दीडशे लिटरहून जास्त द्रावण मातीत सलग जिरवणारा माणूस एकच औषध वापरत असले तरी एकच काम करत नाहीत. पहिल्याला अपयश आलं तर त्यात औषधाचा दोष नसतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: पूर्वी थोडंसं औषध टाकलं तरी वर्षानुवर्षं वाळवी फिरकत नसे, मग आता एवढा खटाटोप का? याचं उत्तर त्या जुन्या औषधांमध्ये आहे. आल्ड्रिन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही विषं मातीत फार दीर्घकाळ टिकत, आणि तेवढीच माणसाच्या व प्राण्यांच्या चरबीतही साठत. भारतात त्यांच्यावर १९९६ मध्ये बंदी आली, आणि २००१ च्या स्टॉकहोम कराराने ती जगभर हद्दपार करायला घेतली. पुढे सर्रास वापरलं गेलेलं क्लोरपायरिफॉस अमेरिकेने घरगुती वापरातून २००० पासून टप्प्याटप्प्याने काढलं, आणि २०२५ मध्ये काही सवलती ठेवून तेही स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. आजची औषधं काही वर्षांनी क्षीण होतात, म्हणून ती नीट आणि सलग घालावी लागतात. हा तोटा मी आनंदाने पत्करेन.

रॉकेल, जळकं ऑइल, लवंगेचं किंवा कडुनिंबाचं तेल यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ज्या वाळवीवर ते पडतं ती मरते, वास असेपर्यंत बाकीच्या दूर राहतात. पण भिंतीमागे आणि जमिनीत ते पोचत नाही, आणि रॉकेलने भिजलेली चौकट हा आगीचा धोका आहे. घरगुती उपायांमध्ये खरा उपयोगी म्हणता येईल तो बोरिक ॲसिड किंवा बोरॅक्सचा. बोरॉनची संयुगं लाकडात मुरली तर ते लाकूड वाळवीला पचत नाही. पण ती कोऱ्या लाकडातच मुरतात; सनमायका, व्हार्निश, ऑइलपेंट यांच्यातून आत जात नाहीत आणि पाण्याने धुपून जातात. म्हणून त्यांची जागा फर्निचर बनत असताना, सुताराच्या हाताखाली आहे.

औषध घातल्यावर दोन आठवड्यांनीही वाळवी दिसली की लोक चिडतात, आणि इथे धीर धरण्याला कारण आहे. बायफेन्थ्रिनसारख्या औषधापासून वाळवी दूर पळते, त्यामुळे त्याचा पट्टा कुठे तुटला असेल तर ती तिथूनच आत शिरते. इमिडाक्लोप्रिडचा तिला पत्ता लागत नाही. ती त्यातून चालत जाते, सावकाश मरते, आणि मरण्याआधी एकमेकींना चाटताना, भरवताना ते इतरांपर्यंत पोचवते. हे संथपण कामाचं आहे. म्हणूनच उपचाराच्या आधी सगळ्या वाटा पुसून टाकू नयेत आणि त्यांच्यावर मच्छर-झुरळांचा फवारा मारू नये; त्याने वाळवी मरण्यापेक्षा वाट बदलते आणि आपल्याला तिचा माग लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेही उघड्या रानात. बंद खोलीत, लहान मुलं रांगतात त्या फरशीवर चूक करायला त्याहूनही कमी जागा आहे. कृषी सेवा केंद्रातून पिकांवरचं औषध आणून घरात ओतणं पूर्णपणे चुकीचं. बाटलीवर इमारतीतल्या वाळवीसाठी असं छापलेलं असलं पाहिजे, आणि प्रमाण त्या लेबलावरचंच. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा आणि मास्क हवेच. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नये. विहीर, बोअरवेल किंवा जमिनीखालची पाण्याची टाकी जवळ असेल, तर तिथे घरच्या घरी मातीत औषध सोडूच नये. कोकणातल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी भेगांतून कुठे जाईल हे वरून कळत नाही. माती पावसाने चिंब असताना ती औषध घेत नाही, म्हणून उपचार कोरड्या दिवसांत करावा. घरात गरोदर स्त्री, तान्हं मूल किंवा दम्याचा रुग्ण असेल, फरशीखालून नळ किंवा वायरी कुठून गेल्या आहेत हे माहीत नसेल, किंवा तुळई-वासे इतके पोखरले असतील की छताचा भार शंकास्पद वाटतो, तर ते काम परवानाधारक माणसाकडे आणि छतासाठी आधी अभियंत्याकडे द्यावं.

फ्लॅटमध्ये हिशोब आणखी वेगळा होतो. पाचव्या मजल्यावरच्या माणसाच्या फरशीखाली माती नसते, दुसऱ्याचं छत असतं. वाळवी तिथे डक्टमधून, पाइपांच्या बाजूने, लिफ्टच्या खड्ड्यातून चढत येते. कॉप्टोटर्मिसला तर गळतीची कायमची ओल मिळाली की भिंतीच्या पोकळीतही उपवसाहत थाटता येते. त्या घरात करण्यासारखं आहे ते गळती बंद करणं, मागची फळी बदलणं, आणि चौकट व भिंतीच्या सांध्यावर, लाकडात ४५ अंशांत खाली झुकलेली सहा मिलिमीटरची भोकं दर १५ सेंटिमीटरवर पाडून सिरिंजने लाकडासाठीचं औषध भरणं. जमिनीचा पट्टा मात्र सोसायटीनेच घालायचा, आणि एका बिऱ्हाडाने वेगळा खर्च करण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत हा विषय घेणं शहाणपणाचं.

मग सरळ पेस्ट कंट्रोलवाल्यालाच सगळं का देऊ नये? द्यावं, हरकत नाही. पण तोही चौकटींवर फवारून तासाभरात निघून गेला, तर त्याचं आणि बाटलीवाल्या गृहस्थाचं काम सारखंच. आणि बाथरूमची गळती तो दुरुस्त करणार नाही. कामाआधी त्याच्याकडून कागदावर घ्या: औषधाचं नाव, किती पाण्यात किती, भोकांमधलं अंतर, एकूण किती लिटर, आणि हमीच्या काळात तपासणीला तो किती वेळा येणार. काम चालू असताना भोकं मोजा. नऊ बाय सहाच्या त्या घरात शंभरच्या जागी पंधराच निघाली, तर भोकं बुजवायला व्हाइट सिमेंट कालवण्याआधीच त्याला थांबवा.