वर्गणी भरून आग विझविणारे

दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात आग लागली आणि १३२ हा क्रमांक फिरविला, की बंब येतो. त्यावरून उतरणारे जवान मात्र पगारी नसतात. त्यांच्यात कोणी कारकून असतो, कोणी सुतार, कोणी महाविद्यालयीन विद्यार्थी. आग विझली की प्रत्येक जण आपल्या कामाला परततो. इतकेच नव्हे, तर तुकडीचा सभासद म्हणून तो स्वतःच नियमित वर्गणी भरतो! वेतन असते ते मुख्यतः ठाण्यातील बंबचालकाला. संपूर्ण देशाचे अग्निशमन अशा रीतीने स्वयंसेवकांवर सोपविणारी राष्ट्रे जगात फारच थोडी आहेत.

या प्रथेचा उगम वालपराईसो बंदरात झाला. डिसेंबर १८५० मधील मोठ्या आगीनंतर तेथील नागरिकांनी ३० जून १८५१ रोजी देशातील पहिले स्वयंसेवी दल उभारले. बंदरात स्थायिक झालेल्या जर्मन, फ्रेंच, इटालियन आदी व्यापाऱ्यांनी आपापल्या तुकड्या काढल्या. त्यांतील काहींची नावे आजही त्या भाषांतच आहेत.

राजधानी सान्तियागोला मात्र जाग येण्यास भयंकर प्रसंग घडावा लागला. ८ डिसेंबर १८६३ च्या संध्याकाळी सणानिमित्त दिव्यांनी सजविलेल्या एका चर्चमध्ये आग भडकली आणि सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. होसे लुईस क्लारो या तरुणाने वृत्तपत्रातून तरुणांना आवाहन केले व बाराव्या दिवशी, २० डिसेंबरला, दल स्थापन झाले. विपत्तीनंतरच व्यवस्था सुचावी, हा अनुभव इतर शहरांनाही नवा नाही.

स्वयंसेवा म्हणजे हौस, असा मात्र समज होऊ नये. नव्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासली जाते, तुकडीचे सभासद त्याला निवडून घेतात, त्यानंतर प्रशिक्षण सुरू होते. काही तुकड्या पाण्याचा मारा करतात, काही शिड्या व सुटकेचे काम पाहतात. रस्त्यावरील अपघात आणि रसायनगळतीही त्यांच्याकडेच येते. अनेक ठाण्यांत सभासद पाळीपाळीने रात्री मुक्कामास असतात. ही व्यवस्था फुकट चालते असेही नाही. बंब व साधनसामग्री महाग असते. त्यासाठी शासन निधी देते, उरलेला पैसा सोडती व वर्गण्यांतून उभा करावा लागतो. या दलांना चौकट देणारा स्वतंत्र कायदा २०१२ मध्ये झाला.

पगार नसला तरी धोका कमी होत नाही. १ जानेवारी १९५३ रोजी, नववर्षाच्या रात्री, वालपराईसोतील लाकडाच्या वखारीला आग लागली. शेजारी रस्ते विभागाच्या गोदामात स्फोटके होती. स्फोट झाला आणि ३६ स्वयंसेवक जागीच किंवा नंतर मरण पावले. मुंबईच्या वाचकाला येथे १४ एप्रिल १९४४ चा गोदीतील स्फोट आठवल्यावाचून राहणार नाही. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. ते पगारी जवान होते, एवढाच फरक.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वालपराईसो प्रांतातील वणव्यांनी १३० हून अधिक बळी घेतले. इतर प्रांतांतील तुकड्याही मदतीला धावल्या. पुढे मे महिन्यात वणवा लावल्याच्या संशयावरून ज्यांना अटक झाली, त्यांत एक तरुण स्वयंसेवक अग्निशामक होता. ज्या दलाला शेजारी घराच्या किल्ल्या निःशंकपणे देतात, त्या दलाला ही बातमी आगीपेक्षा जड गेली असेल.