रंग नको, इंजिन बघा

साडी घेताना आपण पदर उलटून विणकाम बघतो, तांदूळ घेताना मूठभर हातावर घेतो. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की मात्र 'ते पुरुष बघतील' म्हणून गप्प बसतो. पैसे तर आपलेही असतात ना!

आमच्या बचत गटाला मसाले-पापड आठवडी बाजारांना न्यायला जुनी ओम्नी हवी होती. (ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हा मिळणार ती जुनीच.) अकरा जणींच्या बचतीचा प्रश्न! एक गाडी सगळ्यांना आवडली. ताजा रंग, नवी सीट कव्हरं, मीटरवर आकडाही कमी. पण मीटर मागे फिरवता येतो. म्हणून मी पायातल्या पेडलांची रबरं पाहिली, ती पार गुळगुळीत झालेली.

ओळखीच्या मेकॅनिककाकांनी आधीच निरोप धाडायला लावला होता, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." तापलेलं इंजिन बरीच दुखणी लपवतं. गार इंजिन चालू करून मागे उभं राहायचं आणि धूर बघायचा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर इंजिनात पाणी शिरत असावं. थंडीत सकाळी थोडी वाफ निघतेच, तिला घाबरू नये.

गाडी तापल्यावर ॲक्सिलरेटर दाबला की निळी झाक दिसायची. "एवढं चालतंच हो वहिनी," मालक म्हणाले. बोलत होते माझ्याशी, बघत होते काकांकडे!

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. काकांनी सीट उचलली, स्पार्क प्लग काढले, एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावला आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायला सांगितलं. दोन आकडे जवळजवळ सारखे, तिसरा बराच खाली. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा चढला. म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीतर सिलिंडर झिजलेला. ऑइलनं ती फट तेवढ्यापुरती बुजवली. चढला नसता तर संशय व्हॉल्व्हवर. कुकरची रिंग सैल झाली की वाफ निसटते आणि शिट्टी होत नाही, तसंच हे.

इंजिनकामाचा अंदाज काकांनी कागदावर मांडून दिला. तेवढी किंमत उतरवायला मालक राजी झाले नाहीत. आम्ही विसार न देताच उठलो. रंगावर भाळलेल्या दोघी वाटेत जरा फुगूनच बसल्या होत्या. रविवारी दुसरी गाडी बघायला जायचंय, काकांना गेज आणायला सांगितलाय.