बरणीतले रोमन

दसरा झाला की आपल्या अंगात आवराआवर संचारते. माळा, कपाटं, दिवाणातलं सामान... काही म्हणजे काही सुटत नाही. त्यात डोंबिवलीतलं घर, जागेचा हिशेब इंचाइंचाचा! गेल्या वर्षी अशाच झपाट्यात मी माळ्यावरचा बुटांचा एक खोका खाली काढला. आत बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक. मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याला आता कशाला लागतायत खेळणी? मंडळाच्या कामासाठी मी कल्याणजवळच्या एका वस्तीत जाते, तिथल्या बालवाडीत खोका देऊन आले. मुलांचे चेहरे असे फुलले म्हणता! खरं सांगते, मलाही थोडं पुण्य पदरात पडल्यासारखं वाटलं.

दिवाळीला चिरंजीव घरी आले. दुसऱ्याच दिवशी स्टुलावर चढून विचारतात, "आई, माझे रोमन कुठायत?"

हे रोमन आमच्याकडे आले ते किल्ल्याच्या वाटेनं. तो लहान असताना सोसायटीत जिन्याखाली दर दिवाळीत किल्ला व्हायचा. विटा रचायच्या, चिखलात बुडवलेलं गोणपाट वर टाकायचं, अळीव पेरायचे आणि मग मावळे आणायला बाजारात. कधी फडके रोडला, कधी ठाण्याला माहेरी गेलो की जांभळी नाक्याला. पणत्या-रांगोळीच्या शेजारी ते मांडलेले असतात. सिंहासनावर महाराज, भालदार, तोफा, बैलगाडी, डोक्यावर घागर घेतलेली बाई. पूर्वी हे मातीचे असत, नंतर बरेचसे प्लास्टरचे यायला लागले. त्यांची नाकं पहिल्याच वर्षी जातात, ते सोडा. पण दिवाळी संपली की हा पठ्ठ्या एकेक मावळा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी मोजून बाहेर काढायचा.

पाचवीत असताना ठाण्याच्या मामानं त्याला रोमन सैनिकांचं एक पाकीट दिलं. माणसाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढा एकेक सैनिक, उंची जेमतेम एक इंच. मग काय, वाढदिवसाचे, बक्षिसाचे सगळे पैसे त्यातच! जेवतानासुद्धा रोम. सगळ्यांनी ढालीला ढाल भिडवून डोक्यावर आणि बाजूंनी धरल्या की त्या रचनेला म्हणायचं कासव. फेकायच्या भाल्याचं पुढचं लोखंड शत्रूच्या ढालीत घुसून वाकायचं, म्हणजे ढाल निकामी आणि भालाही उलटा फेकता येत नाही. टोपावरचा तुरा या कानापासून त्या कानाकडे आडवा असला की तो सेंच्युरियन, शंभरांचा नायक. "पण आई, त्याच्या हाताखाली शंभर नसायचे, साधारण ऐंशीच असायचे." म्हणून ह्यालाही बरोबर ऐंशीच हवे होते. बारावीपर्यंत ते पुरेही झाले. माझ्या मेलीच्या हे लक्षातच राहिलं नव्हतं.

एका दिवाळीत त्यानं हे रोमन किल्ल्यावर उभे केले. चार इंची मावळ्यांपुढे ते अगदीच चिलटं दिसत होते. सासूबाई म्हणाल्या, "महाराजांच्या किल्ल्यावर हे परके कशाला रे?" त्यानं ते उचलून पायथ्याला निळ्या रांगोळीच्या खाडीकाठी मांडले. म्हणाला, "आजी, हे कल्याण बंदरात आलेत, जहाजातून."

मला वाटलं, थाप. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या कल्याणचं नाव खरंच आहे. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेतात, असंही त्यात म्हटलंय. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात पोसायडन या समुद्रदेवाची छोटीशी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची सुरुवात याच खाडीवर, दुर्गाडीला केली. सासूबाईंनी मग रोमनांना राहू दिलं.

तर असा तो खोका. बालवाडीत दिला म्हणून मी सांगितलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "विचारायचंस तरी," एवढंच म्हणून स्टुलावरून उतरला. मी आपली बाजू लावून धरली, "अरे, गरिबाची पोरं खेळतायत." तर म्हणाला, "त्यांना मी नवे आणून दिले असते." दोन दिवस घरात फराळ कडू लागत होता. रात्री सासूबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुझी भातुकली गं?"

माहेरहून आणलेली माझी पितळी भातुकली कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, जुन्या लुगड्यात बांधलेली आहे. बंब, परात, खलबत्ता, चहाची किटलीसुद्धा! वर्षातून एकदा चिंच लावून घासते. ह्यांनी एकदा नुसतं "हे काढायचं का?" विचारलं होतं, तर मी केवढी बोलले होते. पुण्याला केळकर संग्रहालयात तर मी दिवे आणि अडकित्त्यांपुढून हलतच नाही. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला तो संग्रह बालपणीच गेलेल्या राजाच्या, त्यांच्या मुलाच्या नावाने आहे. तिथे मला कधी 'पसारा' हा शब्द आठवला नाही.

सुट्टीनंतर बालवाडी उघडली तशी मी गेले. दिलेलं परत मागायचं कसं? तेही ज्यांच्याकडे दुसरं खेळणं नाही त्यांच्याकडून? रिक्षात मनाशी वाक्यं जुळवत होते. सेविकेनं मला बघितलं आणि कपाटातून लोणच्याची एक रिकामी बरणी काढून पुढ्यात ठेवली. आत सगळे रोमन!

"ताई, राग मानू नका, पण तीन-चार वर्षांच्या पोरांच्या हाती इतकं बारीक देतात का? दुसऱ्याच दिवशी एकानं तोंडात घातला. मी बघितलं म्हणून निभावलं. तेव्हाच सगळे गोळा केले. तुम्हाला सांगायचं कसं, म्हणून गप्प होते."

माझ्या पोटात गोळाच आला. आणि मी बालवाडीच्या बैठकांत मुलांच्या सुरक्षिततेवर बोलणारी! घरी येऊन मुलाला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुठीत मावणार नाहीत असे लाकडी ठोकळे घेऊन पुन्हा गेलो.

बरणीत ७१ निघाले. त्यानं जेवणाच्या टेबलावर ओळीनं उभे करून मोजले. सेंच्युरियन होता, तुरा चावलेला. पुण्याला परत जाताना बरणी कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातली. मी काही बोलले नाही.

पंधरा दिवसांनी सेविकेचा फोन आला. सतरंजी झटकताना आणखी दोन सापडले होते. आणून मी ते देवघराच्या खणात ठेवले आणि पुण्याला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "७३. ते दोन तुझ्याकडेच ठेव."