एका एकराचा अधिकार

मराठवाड्यातील कोरडवाहू शेतीत पावसाची ओल पुरेशी झाली की तिफण जुंपली जाते, तेव्हा बैलांचा कासरा बहुधा पुरुषाच्या हाती असतो आणि ओटीत बियाणे घेऊन तिफणीमागे चालणारी स्त्री ते चाड्यात, म्हणजे नळ्यांतून तासात बी पोहोचवणाऱ्या लाकडी पेल्यात, सोडत जाते. मूठ किती सैल करायची हे तिचा हातच ठरवतो. बी दाट पडले तर विरळणी करावी लागते, विरळ पडले तर नांग्या भराव्या लागतात आणि ही दोन्ही कामे पुन्हा तिच्याच वाट्याला येतात. परंतु सोयाबीन पेरायचे की तूर, बियाणे उधारीवर आणायचे की रोखीने आणि माल आडतीवर केव्हा न्यायचा, हे ठरवताना तिचे मत अनेक घरांत विचारले जात नाही.

या विसंगतीचे मूळ केवळ घरच्या रीतीत नाही, तर जमिनीच्या कागदांतही आहे. सातबारा उतारा म्हणजे जमिनीचा धारक आणि तिच्यावरील पिके दाखवणारा अभिलेख. पीककर्ज, पीकविमा आणि अनुदान यांच्या वाटा प्रामुख्याने याच कागदावरून जातात. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील वहिती खात्यांपैकी स्त्रियांकडील खाती सुमारे 14 टक्के होती. शेतातील श्रमांत स्त्रियांचा वाटा पाहता हे प्रमाण फारच तोकडे आहे. कर्ज पतीच्या नावे, आडतीची हिशेबपट्टीही त्याच्याच नावे, अशी स्थिती असली की पिकाचा पैसा खर्च करण्याचा निर्णयही त्याच्याकडे जातो.

कायद्याने वाट बरीच मोकळी केली आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला, तर तिचे वडील 2005 पूर्वी वारले असले तरी हा हक्क टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर, म्हणजे आपला हिस्सा भावांच्या बाजूने सोडल्याच्या दस्तावर, सही करतात आणि विधवेची वारसनोंद सासरच्या संमतीची वाट पाहत रखडते. शेतकरी संघटनेने 1986 च्या चांदवड येथील महिला अधिवेशनानंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम हाती घेतली आणि पतीने स्वेच्छेने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा असे आवाहन केले, ते हा प्रश्न घरातल्या नात्यांमध्येच अडकलेला आहे हे ओळखूनच.

लातूर आणि धाराशिव परिसरात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत काम करणाऱ्या स्त्रियांनी याहून लहान पाऊल उचलले: कुटुंबाकडून साधारण एक एकर जमीन मागून घेतली आणि तिथे काय पेरायचे ते स्वतः ठरवले. नगदी पिकाऐवजी भाजीपाला, कडधान्ये आणि तृणधान्ये मिश्र पद्धतीने घ्यायची, शेणखत व घरचे बियाणे वापरायचे, आधी घरच्या जेवणाची सोय करायची आणि उरलेले विकायचे, असा हा क्रम आहे. कमी पाण्यात निघालेले हे उत्पन्न दुष्काळातही घर चालवते, असे अनुभवाला आले की त्या स्त्रीचा शब्द बाकीच्या शेताविषयीही विचारात घेतला जाऊ लागतो. मात्र जमीन पतीच्याच नावावर राहत असल्याने हा अधिकार कुटुंबाच्या मर्जीवर टिकतो, आणि ती मर्जी फिरली तर एकर परत जातो.

म्हणून कसण्याचा अधिकार आणि मालकीची नोंद या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत. वारसाचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, करताना पत्नी आणि मुलींची नावे वगळली जाणार नाहीत, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःहून पाहावे आणि कुटुंब चुकले तर गावाने त्याला जाब विचारावा.