फूल उलटं करून पाहा

सप्टेंबर लागला की अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि लगतच्या कॅनडात रस्त्यांच्या कडा, पडीक शेतं आणि रानवाटा जंगली ॲस्टरनं फुलून जातात. जांभळी, निळसर, पांढरी फुलं आणि मधोमध पिवळी टिकली. चार पावलांवर दुसरं झाड दिसतं, त्याचीही फुलं तशीच. पण जात मात्र वेगळी.

आपल्या फुलबाजारात ॲस्टर म्हणून मिळतो तो हा नव्हे. तो चायना ॲस्टर, कॅलिस्टेफस वंशातला. पुण्याच्या गणेशखिंडीत तयार झालेले ‘फुले गणेश’ वाण त्याचेच. अमेरिकेतले रानॲस्टर त्याचे लांबचे भाऊबंद.

या जातींनी भल्याभल्यांना घाम फोडला आहे. एकोणिसाव्या शतकात हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना उत्तर अमेरिकेतल्या वनस्पतींची खडान्‌खडा माहिती होती. पण ॲस्टरशी झुंजता झुंजता तेही टेकीला आले. आपली रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाल्याचं कानावर आलं तर दोष ॲस्टरला द्या, असं त्यांनी पत्रात गमतीनं लिहून ठेवलं. पुढे १९९४च्या सुमारास गाय नेसम यांनी अमेरिकेतले बहुतेक ॲस्टर मूळ वंशातून काढून सिंफायोट्रायकम, युरीबिया अशा वेगळ्या वंशांत घातले. तिथले लोक मात्र अजूनही सगळ्यांना ॲस्टरच म्हणतात.

घोटाळ्याचं मूळ फुलातच आहे. वरवर जे एक फूल वाटतं तो असतो बारीक फुलांचा गुच्छ. कडेची पाकळी हे एक फूल आणि मधला प्रत्येक पिवळा ठिपका हे दुसरं. ही रचना सगळ्या जातींत सारखीच, आणि रंगाचा भरवसा धरावा तर एकाच जातीत पांढऱ्यापासून फिक्या जांभळ्यापर्यंत छटा सापडतात. म्हणून जाणकार फूल उलटं करतात. त्याच्या बुडाशी हिरव्या छदांच्या, म्हणजे चिमुकल्या पानांसारख्या खवल्यांच्या, रांगा असतात. न्यू इंग्लंड ॲस्टरच्या छदांवर चिकट ग्रंथी असतात, बोट लावलं की जाणवतात. फ्रॉस्ट ॲस्टरच्या छदांची टोकं कडेनं आत वळून सुईसारखी होतात. भिंगातून पाहिलं की लगेच ध्यानात येतं.

मग पानांची पाळी. न्यू इंग्लंड ॲस्टरचं पान बिनदेठाचं, तळाशी दोन कानांनी खोडाला मिठी मारणारं आणि केसाळ. स्मूद ॲस्टरचं पानही खोडाला बिलगतं, पण ते गुळगुळीत असतं. सावलीतल्या जातींपैकी दोघींची पानं बदामाच्या आकाराची, दातेरी कडांची आणि देठाची: निळसर फुलांची हार्ट-लीव्ह्ड आणि पांढऱ्या फुलांची व्हाइट वुड. पहिलीचा फुलोरा उंच आणि निमुळता, दुसरीचा वरून सपाट. दुसरीचं खोडही बहुधा नागमोडी जातं.

पांढऱ्या, बारीक फुलांच्या जाती सगळ्यांत अवघड. त्यांत कॅलिको ॲस्टर ओळखायला पानाची मागची बाजू पाहावी लागते: मधल्या शिरेवर केसांची ओळ असते, बाकी पान जवळपास गुळगुळीत. फुलाच्या मधली टिकली जुनी झाली की पिवळ्याची लालसर-जांभळी होते. पण हे दुय्यम चिन्ह, कारण असा रंगबदल इतर ॲस्टरमध्येही होतो.

एवढं करूनही काही झाडं हाती लागत नाहीत. या जाती आपापसात संकर करतात, शिवाय एकाच जातीतल्या निरनिराळ्या झाडांत गुणसूत्रांचे संच दुप्पट-चौपट असू शकतात. अशा वेळी अनुभवी मंडळी जातीऐवजी गटाचं नाव लिहून पुढे जातात.

फोटोवरून ओळख पटवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. कित्येक जातींची खालची पानं फुलं येईपर्यंत वाळून गळतात, आणि नेमकी तीच ओळख पटवायला कामाची असतात. म्हणून जाणकार जुलै-ऑगस्टमध्येच तळच्या पानांचे फोटो काढून ठेवतात. सप्टेंबरात त्याच झाडाकडे परत जाऊन अख्खा फुलोरा, फुलाची खालची बाजू आणि मधल्या पानाचा खोडाशी असलेला जोड टिपतात.